सहा फुटांचा पत्रा आणि दोन उत्तरं

चूक वडिलांची होती. हे आधीच सांगतो, कारण पुढे वाचून तुम्ही त्यांच्या बाजूचे व्हाल. सगळे होतात.

वडील गणिताचे निवृत्त मास्तर. बत्तीस वर्षं फळ्याकडे तोंड आणि घराकडे पाठ. मी डिप्लोमा अर्धवट सोडून पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये लागलो, तेव्हापासून ते माझ्याशी फक्त प्रश्नचिन्हात बोलतात. करार एवढाच झाला होता की मालकांनी सहा महिन्यांत मला कायम केलं तर कॉलेजचं नाव काढायचं नाही, नाहीतर मुकाट्याने परत वर्गात. सहावा महिना चालू होता.

त्यातच मालकांनी मला पहिलं स्वतंत्र काम दिलं. रोपवाटिकेच्या बाईंना उघडी टाकी हवी होती. सहा बाय सहाचा एकच स्टीलचा पत्रा. चारी कोपऱ्यांतून सारखे चौकोन कापायचे, बाजू वर दुमडायच्या, वेल्ड करायच्या. पाणी मात्र जास्तीत जास्त मावलं पाहिजे. चौकोन केवढा कापायचा, ते माझ्यावर.

शहाण्याने मालकांना विचारलं असतं. मी ठरवलं, कॅल्क्युलसमधल्या डेरिव्हेटिव्हने काढायचं. (वडिलांना दाखवायचं होतं. त्यांना काही दाखवायची खाज नसती तर माझं बरं चाललं असतं.)

जेवणाच्या टेबलावरच मांडलं. चौकोनाची बाजू एक्स, त्यावरून टाकीचं घनफळ, त्याचा डेरिव्हेटिव्ह बरोबर शून्य. उत्तरं दोन आली, एक फूट आणि तीन फूट. वडील मागे येऊन उभे राहिले होतेच.

"कुठलं घेणार?"

"तीन. जास्तीत जास्त हवंय ना, मग मोठं उत्तर."

वडिलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आई शिवणकाम करते. ती म्हणाली, आधी कागदावर कापून बघ रे. मी तिला सुनावलं की हे कॅल्क्युलस आहे, उशीचा अभ्रा नाही. वडील एवढंच म्हणाले की उद्या बघायला येतो.

(कुठलं उत्तर जास्तीत जास्तचं आणि कुठलं कमीत कमीचं, हे दुसरा डेरिव्हेटिव्ह काढून तपासतात. तो शिकवला त्याच आठवड्यात मी कॉलेज सोडलं होतं.)

दुसऱ्या दिवशी वडील मालकांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. चारी कोपरे एकदम आखले असते तर मला कळलं असतं. पण दोन म्हाताऱ्यांच्या चार डोळ्यांपुढे मला कापायची घाई झाली. मी एकेक कोपरा आखून कापत गेलो. पहिला चौकोन खणकन खाली पडला. मालक उठायला लागले, तर वडिलांनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. दुसरा पडला. समोर तीन बाय सहाची पट्टी उरली, आणि तिच्यात कापायचे अजून दोन चौकोन, तीन-तीन फुटांचे. मी कटर खाली ठेवला.

"थांबलास का? पूर्ण कर," वडील म्हणाले. "कमीत कमी पाणी किती मावेल, ते तू अगदी अचूक काढलंयस. शून्य."

मी ओरडलोच. काल दिसत होतं, तर तोंड शिवलं होतं का? बापाने पोराचा पत्रा वाचवायचा की पेपर तपासायचा?

"काल सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. पण मुद्दा तो नाही.

मालकांनी दुसरा पत्रा मागवला. वडिलांनी खडूने एक-एक फुटाचे चौकोन आखून दिले आणि सोळा घनफुटांची टाकी संध्याकाळी गेली. बाई खूश. मालक तर इतके खूश की आखणीला असा माणूस कधीपासून शोधतोय म्हणाले.

मी सोमवारपासून कॉलेजला जातो. माझी नोकरी वडील करतात.