ओव्हाळ सरांचा सकाळचा रिपोर्ट

कॉम्प्युटरवर रिपोर्ट उघडत असताना ओव्हाळ सर खुर्चीत बसत नाहीत. पडद्यावर ते छोटं चाक फिरायला लागलं की सर उठतात, हात पाठीमागे बांधतात आणि चाक थांबेपर्यंत तसेच उभे राहतात. कामशेतजवळच्या आमच्या दूध डेअरीत नव्याने लागलेल्या माणसाला वाटतं, कुणी मोठे साहेब आले असावेत, म्हणून तोही उठून उभा राहतो. मीसुद्धा पहिल्या दिवशी उभी राहिले होते. पाच मिनिटं झाली तरी कुणी येईना, तेव्हा हळूच विचारलं, "सर, कोण येतंय?"

"रिपोर्ट," सर म्हणाले.

नंतर कळलं की बसून वाट बघितली तर माणसाला वाट बघायची सवय लागते, असं त्यांचं मत आहे. उभं राहिलं की पाय दुखतात आणि पाय दुखले की डोकं चालतं. सरांचे पाय तेव्हा रोज सकाळी पाऊण तास तरी दुखत असत.

मिलिंद ओव्हाळ हे आमच्या कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख. विभागात एकूण माणसं दोन, त्यामुळे दुसरा माणूस रजेवर असला की ते स्वतःचेच प्रमुख असतात. वय पन्नाशीच्या पुढे. वडिवळ्यात राहतात, स्कूटरवरून येतात. डेअरीत लागले ते दुधाचं फॅट वहीत लिहिणारे कारकून म्हणून. वह्या जाऊन कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे त्याला हात लावायला भ्याले आणि सरांनी लावला. आज डेअरीत कुठल्या गावाहून किती दूध आलं, कुठला टेम्पो कुठे आहे, दह्याचे किती डबे लोणावळ्याला गेले, ते सगळं ज्या रिपोर्टांत दिसतं, ते रिपोर्ट त्यांच्या ताब्यात आहेत.

आणि हे रिपोर्ट भयंकर हळू चालायचे.

सरांना हळू चालणारी कुठलीच गोष्ट बघवत नाही. माझ्या बहिणीच्या लग्नात, लोणावळ्याच्या हॉलवर, जेवणाची रांग दारापर्यंत गेली होती. सर रांगेच्या कडेला जाऊन पाच मिनिटं बघत राहिले आणि मग आचाऱ्याला न विचारता लोणच्याची टेबलं उचलून शेवटी नेली. लोणच्याशी माणूस विचार करत थांबतो, असं त्यांनी मला नंतर समजावलं. रांग इतकी भराभर सरकली की पापड तळून व्हायच्या आत अर्धी मंडळी हात धुऊन मोकळी झाली. आचारी आजही मला रस्त्यात भेटला की विचारतो, ते तुमचे पाहुणे कुठले होते.

ऑफिसात तर त्यांच्या एका प्रश्नाने सगळ्यांना धास्ती भरली होती. मागच्या उन्हाळ्यात हातात वही घेऊन ते टेबलाटेबलावर फिरले. ज्याच्या समोर जो रिपोर्ट उघडा असेल त्याकडे बोट दाखवून विचारायचे, "हे बघून करणार काय?"

विक्री विभागाचे साने रोज सकाळी दह्याचा तीन वर्षांचा आलेख उघडत. सरांनी विचारल्यावर ते गोंधळले. म्हणाले, "बघतो."

"बघून?"

"बघून चहा पितो."

सरांनी वहीत लिहून घेतलं: चहा. हसले मात्र नाहीत. ते हसत नाहीत हीच तर पंचाईत आहे. त्यांना खरोखरच उत्तर हवं असतं.

असे चाळीस-एक रिपोर्ट निघाले, जे बघून कुणी काहीच करत नव्हतं. सरांनी ते गुपचूप बंद केले आणि त्या जागी एक ओळ ठेवली: "हवा असल्यास ओव्हाळांना भेटावे." तीन आठवड्यांत दोघं भेटायला आले. त्यातला एक क्रिकेटच्या सामन्याची वर्गणी मागायला आला होता.

जनरल मॅनेजरांनाही सर सोडणार नव्हते. त्यांच्या पडद्यावर मावळचा नकाशा होता. प्रत्येक गावी एक गाय, आणि दूध जितकं जास्त तितकी ती गाय जोरात मान हलवणार. पुण्याच्या एका कंपनीने करून दिलेलं ते काम होतं, आणि सगळ्या गायींना मान हलवायला लावण्यात मशीनचा जीव जात होता. सरांनी विचारलं, "साहेब, हे बघून करणार काय?" साहेब म्हणाले, "पाहुण्यांना आवडतं हो." सरांनी गायींचं वेगळं पान केलं. ते फक्त पाहुणे आले की उघडतं. एरवी गायी स्वस्थ असतात.

हे सगळं चाललं होतं तेव्हा मीही इतरांसारखीच हसत होते. हसू मावळलं ते आंदर मावळच्या केंद्राची गोष्ट निघाली तेव्हा.

माझं काम टेम्पोंचं. सकाळी साडेसातपर्यंत गावोगावची केंद्रं आपापल्या दुधाची नोंद पाठवतात. मी रिपोर्ट उघडते, कुठे किती कॅन भरलेत ते बघते आणि त्याप्रमाणे टेम्पो सोडते. आंदर मावळात, अगदी डोंगराच्या कुशीत, आमचं एक छोटं केंद्र आहे. तिथे दूध थंड ठेवायची सोय नाही. कॅन भरले की टेम्पो वेळेत पोचला पाहिजे. उन्हाळ्यात त्या केंद्राचं दूध वरचेवर नासून यायला लागलं. तपासणीत फेटाळलं जायचं, गटारात ओतलं जायचं. जनरल मॅनेजरांनी महिनाअखेरच्या बैठकीत ते केंद्र बंद करायचं असं जवळजवळ ठरवलंच होतं. बायका भांडी नीट धूत नसतील, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. माझंही तेच होतं.

सर म्हणाले, "जाऊन बघू."

वाटेतल्या ओढ्यापर्यंत स्कूटर गेली, पुढे टेम्पोच्या खडकाळ वाटेने दीड तास चाललो. केंद्र चालवणाऱ्या हिराबाई मावशींनी आम्हाला आदल्या दिवशी विसळून पालथे घातलेले कॅन दाखवले. आमच्या डेअरीतल्या कपांपेक्षा ते स्वच्छ होते. रात्री आम्ही त्यांच्याकडेच राहिलो आणि सकाळी सहापासून केंद्रावर हजर होतो. बायका दूध घालून गेल्या. सात वाजता सगळे कॅन भरले. मावशी फोन घेऊन शाळेच्या भिंतीपाशी गेल्या, कारण गावात रेंज तेवढीच. नोंद पाठवली आणि टेम्पो कधी निघेल ते बघायला फोनवर बोट दाबलं. पडद्यावर चाक फिरायला लागलं.

मावशींना त्याची सवय होती. त्यांनी ओली पोती कॅनवर टाकली आणि सावलीला टेकल्या. साडेसात झाले. आठ झाले. ऊन कॅनपर्यंत आलं. पावणेनऊला मावशी म्हणाल्या, "ह्ये असंच असतंय रोज. आमी काय करनार? चाक फिरतंय तवर हितं दूध तापतंय."

त्या दिवशी माझ्या जागी दुसरी मुलगी बसली होती, आणि ती करत होती तेच मी रोज करत होते. रिपोर्टात जास्त दुधाची गावं आधी येत. पहिलं पान उघडायला वीस मिनिटं लागत. ते उघडलं की मी त्या गावांचे टेम्पो सोडायची. मग दुसरं पान उघडायला घ्यायची, त्याला आणखी वीस मिनिटं. आंदर मावळ दुसऱ्या पानावर अगदी तळाला. त्याच्यापर्यंत पोचेतो उरलेला एकच टेम्पो असायचा, आणि तोही कार्ल्याची फेरी करून परत यायचा असायचा.

त्या सावलीत बसून मला हे पहिल्यांदा कळलं. सरांना म्हटलं, "माझ्यामुळे होतंय हे."

सर म्हणाले, "तुम्ही पान उघडत होता. पान मी बांधलंय."

परत येताना वाटेत ते एकदाच बोलले. विचारलं, "ताई, गेल्या वर्षीचं भात तुम्ही यंदा पुन्हा मोजाल का?" मी म्हटलं, कशाला. "आमचा रिपोर्ट मोजतोय," ते म्हणाले.

तेच झालं होतं. सकाळचा रिपोर्ट दर वेळी डेअरी सुरू झाल्यापासूनची प्रत्येक नोंद, प्रत्येक गोठ्यातलं प्रत्येक लिटर, नव्याने वाचून बेरीज करत होता. आणि सकाळी वीस जण एकाच वेळी तो उघडत, म्हणजे तीच बेरीज वीसदा. पुण्याच्या कंपनीचं म्हणणं होतं की मोठं मशीन घ्या. सर म्हणाले, महिनाअखेरपर्यंत थांबा.

त्या तीन आठवड्यांत त्यांनी काय केलं ते मला समजलं तेवढं सांगते. कालपर्यंतच्या बेरजा बदलत नाहीत, त्या एकदाच करून बाजूला ठेवल्या. रोज फक्त आजच्या नोंदी त्यांत मिळवायच्या. नोंदी तारखेप्रमाणे लावून ठेवल्या, म्हणजे आजचं शोधायला जुनं उपसायला नको. बेरीज तयार झाली की वीस जणांना तीच दाखवायची. प्रत्येक सुधारणा झाली की सर मला उघडून बघायला सांगायचे. वीस मिनिटांची नऊ झाली, नवाची दोन. एकदा मधेच चुकून सत्तावीस झाली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी चूक सापडली. एक बेरीज दोन ठिकाणी होत होती.

शेवटी रिपोर्ट चार सेकंदांत उघडला. मी आनंदाने त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांचं समाधान झालेलंच नव्हतं. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते खरी गोष्ट तीच. जास्त दुधाची गावं वर, हा क्रम त्यांनी मोडला. ज्या गावचं दूध सगळ्यात जास्त वेळ उन्हात उभं राहणार, त्याचं नाव पहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी रिपोर्ट उघडला. पहिल्या ओळीत आंदर मावळ होतं. टेम्पो लगेच सुटला. दूध आलं, तपासणीत पास झालं. पुढे आठवडाभर रोज पास होत गेलं. महिनाअखेरच्या बैठकीत त्या केंद्राचा विषय निघाला तेव्हा जनरल मॅनेजरांनी कागद उलटा ठेवला आणि पुढचा विषय घेतला.

हिराबाई मावशींनी टेम्पोबरोबर सरांसाठी डबाभर खरवस पाठवला. आम्हीही संध्याकाळी छोटासा समारंभ ठेवला होता, शाल वगैरे आणली होती. सर चार वाजताच घरी निघून गेले होते. साने म्हणाले, माणूसघाणा आहे हा, सोड. मला ते पटलं नाही. खरवस घेऊन मी वडिवळ्याला गेले.

घर धरणाच्या बाजूला, रस्त्यालगत. पडवीत सर एका बाईंसमोर बसले होते. मला बघून जरा चपापले. म्हणाले, "या ताई. ही सुमन. आमच्या सौ."

सुमनताई शाळेत शिक्षिका होत्या. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय बरेच सावरले, पण शब्द गेले. हळूहळू परत येताहेत. सरांनी हे ऑफिसात कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी बसले. सुमनताईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "को…"

पुढे काही येईना. "को… को…" त्यांच्या कपाळावर आठी पडली. कोरा चहा विचारत असणार, हे मला कळलं. त्यांची ओढाताण बघवेना. मी तोंड उघडलं, तेवढ्यात सरांनी मला डोळ्यांनी थांबवलं.

आम्ही थांबलो. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. धरणावर ऊन उतरत होतं. सर मांडीवर हात ठेवून बायकोच्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर घाई नव्हती.

"कोथिंबीर," सुमनताई म्हणाल्या. मग परसाकडे हात केला. "न्या."

परसात त्यांनी लावलेली कोथिंबीर दाट उगवून आली होती.

त्या ती खुडायला गेल्या तेव्हा सर हळू आवाजात म्हणाले, "आधी मी पण शब्द काढून द्यायचो. तिची दमणूक बघवायची न्हाई. ती मान हलवायची, मला वाटायचं, बरोबर सांगितला. मग एकदा ध्यानात आलं, मी देतोय तो तिचा शब्दच नसतोय. ती आपली माझ्यासाठी मान हलवतीय."

सुमनताईंनी जुडी माझ्या हातात दिली. मी निघाले. फाटकापाशी पोचले तोच मागून आवाज आला, "पु…"

मी वळले. ओठ घट्ट मिटून उभी राहिले.

"पुढच्या… र… र…" त्यांनी पडवीचा खांब धरला. "रविवारी… या."

मी येते म्हटलं. सर मला फाटकाबाहेर सोडायला आले. फाटकावर हात ठेवून ते म्हणाले, "सोमवार, मंगळवार, सगळे वार गेलते तिचे. एकबी येत नव्हता. आज रविवार आला."