इंगळे सरांना ढकलण्याचा प्रयोग

काटकोनात वाकलेली कोणतीही वस्तू दिसली की इंगळे सर ती उचलून घरी आणतात. वाकडी तुराटी, मोडकी छत्री, नळाचा एल्बो, काहीही. एका लग्नात तर मांडवाचा वाकलेला पाइप मागून घेताना मी त्यांना पाहिलं आहे, आणि तेही जेवणाच्या आधी. जानेफळच्या आमच्या ज्युनियर कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवतात, मी मराठी.

हा सगळा खटाटोप टी-आरएनएसाठी. आपल्या पेशीत प्रथिनं बांधायचं काम अखंड चालू असतं आणि हा इवलासा रेणू तिथला हमाल. एका टोकाला माल, दुसऱ्या टोकाला पत्ता, अंग काटकोनात वाकलेलं. पुस्तकातल्या त्याच्या सपाट चित्रावर सरांचा भारी राग. "निपचित पाडून ठेवला बिचाऱ्याले," ते म्हणतात. "थो पाण्यात हाये, भाऊ. पाणी त्याले चारी बाजूनं ढकलून राह्यलं. थो फिरून राह्यला."

'फिरून राह्यला' हे त्यांचं पालुपद. त्या रेणूला पाय नाहीत, मन नाही. पाण्याचे धक्के खात तो भरकटतो, पापणी लवेपर्यंत लाखो कोलांट्या घेतो, हजार ठिकाणी चुकीचा आपटतो आणि कधीतरी नेमका जागेवर लागतो. म्हणजे सगळा नशिबाचाच कारभार, असं मी एकदा म्हणालो. मधल्या सुट्टीपर्यंत सर माझ्याशी बोलले नाहीत.

यंदा तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात हेच दाखवायचं, असं सरांनी जाहीर केलं. प्राचार्यांना दरवर्षीचा खायच्या सोड्याचा ज्वालामुखी हवा होता. शेवटी ठरलं, तालीम जमली तर सरांचा रेणू, नाहीतर ज्वालामुखी.

सरांनी तुषार सिंचनाचे दोन पाइप एल्बोने जोडून खांद्यावर घेतले, डोळ्यांवर पट्टी बांधली आणि मैदानाच्या मधोमध उभे राहिले. अकरावीचा अख्खा वर्ग म्हणजे पाणी. कोपऱ्यातलं टेबल म्हणजे प्रथिनं बांधायची जागा. पाइपचं लाल टोक तिथे लागलं की जिंकलो. "ढकला मले, पोट्टेहो," सर म्हणाले.

पाणी बाजूला झालं. सरांना धक्का कोण मारणार? पोरं अदबीने मागे सरकली, वाट करून दिली, एकीने तर त्यांच्या पायापुढचा दगडही उचलला. रेणू नाकासमोर चालत गेला आणि तारेच्या कुंपणाला अडकला. दुसऱ्या खेपेलाही तेच, फक्त या वेळी एका पोराने हात धरून त्यांना टेबलापर्यंत नेऊन सोडायची तयारी दाखवली. सरांनी पट्टी काढली. "असं पाणी जगात कुठीच नसते," ते इतकंच म्हणाले. प्राचार्य सोडा किती आणायचा ते विचारू लागले.

माझं डोकंच फिरलं. मी सरांना पुन्हा पट्टी बांधायला लावली आणि खांद्याने असा दणका दिला की पाइप गर्रकन फिरला आणि प्राचार्यांची टोपी उडाली. पोरं गार पडली. पण सर हसत होते. "आता झालं पाणी," ते म्हणाले, आणि मग मैदानात जे उसळलं ते काय सांगावं. सर गिरक्या घेताहेत, मागे जाताहेत, आडवे होताहेत, आणि बऱ्याच धडका वाया गेल्यावर लाल टोक टक्कन टेबलाला लागलं. सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या त्या बोडक्या डोक्याच्या प्राचार्यांनी.

तालुक्यात पहिला नंबर आला. परीक्षकांनीही बाह्या सरसावून हौसेने धक्के दिले.

काळीपिवळी जीपमधून परतताना सर दंड चोळत होते. जास्त लागलं का, मी विचारलं.

"लागू द्या," ते म्हणाले. "तुमची वहिनी गेल्यापासून सारं गाव मले वाट करून देते. हळू आवाजात बोलते, बाजूले सरकते. लई दिवसानं कोणी धक्का देल्ला, भाऊ."

आमच्या मधे ठेवलेली पिशवी मी उचलून मांडीवर घेतली आणि त्यांना खेटून बसलो.