शेपटीवरचं मीठ

गेन्झाबुरो उबुकाताला मासळीबाजारात सगळे गेन-सान म्हणत, आणि गेन-सानचं ठाम मत होतं की पाण्यातून निघालेली कुठलीही वस्तू आपल्याला फसवू शकत नाही.

तोक्योचा तो जुना बाजार आता तिथून उठला. पण ज्यांनी पाहिलाय त्यांच्या नाकात अजून तो वास असेल. ओल्या फरशीवर खांद्याला खांदा लावून बसलेली दुकानं, मधल्या बोळातून अंगावर येणाऱ्या तीनचाकी गाड्या, आणि सगळ्यांच्या पायांत रबरी बूट. जावईसुद्धा पहिल्यांदा बूट बघूनच पारखायचे. तिथं ज्याचं त्याचं दुकान ज्याच्या त्याच्या माशाचं. कोळंबीवाला फक्त कोळंबी विकणार, ऑक्टोपसवाला ऑक्टोपस. गेन-सान ट्यूनावाला, आणि ट्यूनावाले स्वतःला बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच समजत.

त्याच्या मुलीचा, यासुएचा, साखरपुडा ठरला. मुलगा काजिवारांचा, घरी ब्रश आणि शाईचं दुकान. घरातले सगळे मृदू बोलणारे, पायांत चकचकीत बूट. अडचण एकच होती, मुलाची आजी. त्याला लहानपणापासून तिनंच वाढवलेलं. "बाजारातली माणसं जरा रांगडी असतात म्हणे," एवढंच ती म्हणाली होती. पण तिनं मान हलवल्याशिवाय त्या घरात उंबऱ्यावरची चप्पलही हलत नसे.

तिकडे साखरपुड्याला शुभ म्हणून गुलाबी माशांची जोडी लागते. दोन्ही सारखे, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत अखंड. एखादं पर मोडलं तरी चालत नाही. दोन दुकानं सोडून तोकुजीचा ठेला होता, तो हेच मासे विकायचा.

"गेन-सान, मी निवडून ठेवतो एक जोडी," तोकुजी म्हणाला. "तुमच्या पोरीचं कार्य म्हणजे आमच्याच घरचं."

"मासा निवडायला मला तू लागणार का?" गेन-सान म्हणाला. "मी माणसाएवढे मासे निवडतो. तुझे हे म्हणजे माझ्या लेखी खेळणी."

दुकानाच्या मागं एक लाकडी कपाट वाटावं एवढी गल्ल्याची खोली होती. तिथून त्याच्या बायकोचा, हिसानोचा, आवाज आला. "अहो, करू द्या ना त्यांना. त्यांचा रोजचा धंदा आहे."

"तू बिलं बघ."

साखरपुड्याच्या दिवशी पहाटे गेन-सान स्वतः तोकुजीच्या ठेल्यावर गेला आणि जोडी निवडून आणली. जोडी खरंच देखणी होती. कुणी पावडर लावून बसवावी तशी. बर्फाच्या पेटीत दोघांना शेजारी शेजारी निजवून त्यानं फळीवर ठेवलं, तशी आजूबाजूचे चार जण बघायला जमले. ऑक्टोपसवाल्या इवाकिचीनं मान वाकडी करून विचारलं, "वरून तर बरे दिसतात. पण आतून कसे असतील?"

आता ट्यूना आतून कसा आहे हे कसं बघतात, ते बाजारात कुणालाही विचारा. शेपटी तोडायची, कापलेल्या जागेवर विजेरी मारायची, मांसाचा कण चिमटीत चोळायचा, मग बोलायचं. गेन-सान उमेदवारीच्या वयापासून दुसरं काही शिकलेलाच नव्हता.

"बघू या की," तो म्हणाला, आणि सुरा चालला.

शेपटी टुपकन फळीवर पडली. गेन-सानचा एक हात विजेरीकडे निघालासुद्धा होता. तिथंच तो थांबला. एक तीनचाकी गाडी आपली आपण थांबली.

"चरबी चांगली आहे का?" शेवटी इवाकिचीनंच विचारलं.

हिसानो गल्ल्यातून बाहेर आली. तिनं मासा बघितला, शेपटी बघितली, नवरा बघितला आणि परत आत जाऊन दार लावून घेतलं. हे तिच्या ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

गेन-सान तोकुजीकडे धावला. तोकुजीनं रिकाम्या पेट्या दाखवल्या. पंचांगात दिवस शुभ होता. अर्ध्या तोक्योची लग्नं आणि साखरपुडे त्याच दिवशी. सगळा बाजार पालथा घातला तेव्हा कुठं एक मासा तळहाताएवढा मिळाला आणि दुसरा पाळण्यात मावणार नाही एवढा. त्यांची जोडी लावली असती तर आई आणि मूल वाटलं असतं.

"सरळ सांगून टाका त्यांना," हिसानो दाराआडून म्हणाली.

"काय सांगू? की ट्यूनावाल्यानं..." पुढचं त्याच्या तोंडातून येईना.

मग तो मासे घेऊन खानावळीत गेला. जेवण तिथंच होतं, आणि आचारी शिगेझो त्याचा जुना दोस्त. शुभाचा मासा भाजताना शेपटीला आणि परांना मीठ थापतात, म्हणजे ती जळत नाहीत. शिगेझोनं बांबूच्या दोन काड्यांनी शेपटी जागेवर बसवली आणि वर मीठ थापलं. गेन-सान म्हणाला, अजून. शिगेझोनं अजून थापलं. शेवटी शेपटीवर हिमवर्षाव झाल्यासारखं दिसायला लागलं. दुसऱ्या माशालाही थोडं थापलं, पण तोवर मीठ संपलं.

जेवण सुरळीत सुरू झालं. यासुए किमोनोत अवघडून बसली होती, मुलगा तिच्याकडे बघून लाल होत होता. आजी मात्र माशांकडे बघत होती. गेन-सानला वाटलं, मासा एकदाचा खाऊन संपला की सुटलो.

"घ्या ना," तो म्हणाला. "गरम आहे तोवर घ्या."

काजिवारांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. हिसानोनं टेबलाखालून नवऱ्याच्या मांडीला चिमटा काढला. शुभाचा मासा तिथं कुणी खात नाही. तो डब्यात बांधून घरी न्यायचा असतो. गेन-साननं स्वतः आयुष्यभर दुसऱ्यांच्या लग्नातून असे डबे घरी आणले होते, पण भीतीनं माणसाला आपलं नावही आठवत नाही.

"आमच्यात तो घरी नेतात," आजी हळूच म्हणाली. "तुमच्याकडे लगेच संपवायची पद्धत असेल."

"नाही, नाही. न्या की. हा न्या." गेन-साननं कमी मिठाचा मासा पुढे सरकवला. "एक तुम्हाला, एक आम्हाला. हा जास्त चांगला आहे."

"चांगला तुम्ही ठेवा," आजी म्हणाली. "मला हाच द्या. किती मन लावून मीठ लावलंय याला."

"त्याला जरा जास्तच झालंय, आजी. तुमच्या तब्येतीला..."

"माझी तब्येत चांगली आहे," आजी म्हणाली, आणि डबा मांडीवर घेऊन त्यावर दोन्ही हात ठेवले. ते घरी पोचेपर्यंत निघाले नसावेत.

दुसऱ्या दिवशी पहाटे, ऐन गर्दीच्या वेळी, मुलाचे वडील बाजारात आले. चकचकीत बुटांनी ओल्या फरशीवरून सांभाळत, दोन तीनचाकी गाड्यांतून जीव वाचवत ते दुकानासमोर उभे राहिले आणि एकदम कमरेत वाकले.

"उबुकाता-सान, आम्हाला माफ करा."

गेन-सानच्या हातातला सुरा तसाच राहिला.

"काल घरी गेल्यावर आईनं मासा देवापुढं ठेवायला उचलला," काजिवारा म्हणाले. "शेपटी तिच्या हातात आली. तिला वाटतंय, आपल्या हातून अपशकुन झाला. रात्रीपासून अन्नाला शिवली नाही. म्हणते, माझ्या पापानं पोरांचं लग्न मोडणार. त्यापेक्षा आत्ताच थांबवा."

गल्ल्याच्या खोलीचं दार उघडलं. हिसानो दारात आली. नुसती बघत राहिली.

गेन-साननं सुरा खाली ठेवला. "काजिवारा-सान, आजींचा काही दोष नाही. ती शेपटी मी तोडली होती."

काजिवारांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमचं मन मोठं आहे. म्हातारीला बरं वाटावं म्हणून तुम्ही हे स्वतःवर घेताय."

"नाही हो. खरंच मी तोडली. सुऱ्यानं."

"साखरपुड्याच्या माशाची?"

"हो."

"स्वतःच्या मुलीच्या?"

"हो. आतून कसा आहे ते बघायला."

काजिवारांनी मान हलवली. "आई हे मानायची नाही. म्हणेल, एवढा बेअक्कल माणूस जगात असूच शकत नाही. मलाही पटत नाहीये, खरं सांगतो."

आता गेन-सानला घाम फुटला. पोरीचं लग्न टिकायचं तर तो बेअक्कल ठरायला हवा होता, आणि समोरचा माणूस त्याला तेवढंही श्रेय द्यायला तयार नव्हता. त्यानं लाचार होऊन बायकोकडे पाहिलं.

"अगं, सांग ना यांना."

"मी बायको आहे," हिसानो म्हणाली. "माझी साक्ष कशी धरतील? बाहेरच्यांना विचारा."

विचारावं लागलंच नाही. तोकुजी पुढे झाला. "मी म्हटलं होतं निवडून देतो, तर मला म्हणाले खेळणी." इवाकिचीनं तर रिकामी फळी घेऊन सुरा कसा उचलला, कसा मारला आणि विजेरी कशी शोधली ते करून दाखवलं. कोळंबीवाली बाई म्हणाली, गाडी थांबली होती तेव्हा. गाडीवाला म्हणाला, हो, मीच थांबलो होतो. मग ज्यांनी काही पाहिलंच नव्हतं तेही बोळाच्या दुसऱ्या टोकाकडून आले आणि गेन-सानच्या जुन्या करामती सांगायला लागले. काजिवारा प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होते आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता. गेन-सान मधोमध उभा राहून "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणत होता.

"आता आईला सांगता येईल," काजिवारा शेवटी म्हणाले. "फार उपकार झाले तुमचे."

संध्याकाळी यासुए कामावरून आली. मुलाचा तिला फोन आला होता. सगळं ऐकून आजी उठून बसल्या, दोन वाट्या भात खाल्ला, आणि लग्नाला आपली काही हरकत नाही म्हणाल्या.

"बघ," गेन-सान बायकोला म्हणाला. "माणसं समजूतदार आहेत. आणखी काही म्हणाल्या का ग आजी?"

यासुएनं आईकडे पाहिलं.

"एवढंच विचारलं त्यांनी," ती म्हणाली, "की मुलगी आईवर गेलीय ना."