बोहुमिलसाठी रडलेलं गाव

अळंब्यांच्या बाबतीत ओताकर मास्तरांचा हात धरणारा अख्ख्या मोराविया प्रांतात कुणी नव्हता, असं स्वतः ओताकर मास्तरांचंच मत होतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तर ते कुणालाही गाठून सांगत, "अहो, अळंबं मला लांबूनच ओळख देतं!" गावकरी मान डोलवत आणि काहीतरी घाईचं काम आठवून सटकत.

बहिणीचा नवरा बोहुमिल हृदय बंद पडून गेला, तेव्हा दफनानंतरच्या जेवणाचं सूप करायचं काम मास्तरांनी आपणहून अंगावर घेतलं.

"अरे ओता, खानावळवाला शेवयांचं सूप करतोय की," बहीण लिबुशे म्हणाली.

"शेवया? माझा मेहुणा गेलाय आणि लोक शेवया सुरकणार? अळंब्यांचं सूप होईल! सगळ्यांच्या लक्षात राहील असं!"

दफनाच्या दिवशी सकाळीच मास्तर बायकोला, हेडविकाला, घेऊन जंगलाच्या कडेच्या कुरणात गेले. ओल्या गवतात बदामी रंगाच्या चिमुकल्या छत्र्यांचं छान रिंगण उमटलं होतं. सुपाला हीच हवीत! मास्तरांनी एक खुडलं आणि तिथंच वर्ग सुरू केला.

"हे बघ, देठ पिळला तरी तुटत नाही, रबरच जणू! छत्रीखालच्या पात्या कशा विरळ आहेत? आता याच रिंगणात घुसून एक पांढुरकी बया उगवते. तिच्या पात्या दाट आणि देठावर खाली उतरलेल्या. ती विषारी! मूर्ख माणसं फसतात ती इथंच."

"तू बघून घेतोयस ना?"

"मी? हेडविका, मी शिकवतोय!"

शिकवताना नमुन्याचं अळंबं उजव्या हातात होतं. डावा हात आपला गवतात जाऊन खुडत होता, टोपलीत टाकत होता. त्या डाव्या हाताकडे दोघांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.

चर्चमध्ये कुणी रडलं नाही. बोहुमिलनं उभ्या गावाशी भांडण काढून ठेवलं होतं. कुणाशी कुंपणावरून, कुणाशी कुत्र्यावरून, पाद्रीबाबांशी तर घंटेच्या आवाजावरून! काहीतरी चांगलं सांगायचं म्हणून पाद्रीबाबांनी पुष्कळ विचार केला आणि शेवटी सांगितलं, की दिवंगत वेळेचे पक्के होते. कबरीवर माती टाकून परतताना लिबुशे भावाच्या कानाशी पुटपुटली, "एकाचाही डोळा ओलावला नाही रे, ओता. माझासुद्धा नाही. एवढी वर्षं संसार केला मी त्याच्याशी."

मास्तरांनी तिचा हात धरून तिला खानावळीकडे वळवलं. ते म्हणाले, "सूप गरम आहे."

सूप झालं होतं मात्र फक्कड! बटाटे, शहाजिरं, मरवा, वरून दाट साय. पाद्रीबाबांनी दोनदा वाढून घेतलं. लिबुशेच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तिनं आपली वाटी म्हाताऱ्या रोझाली मावशीकडे सरकवली.

पुढची ताटं यायच्या आत शेजारचा हावेल रडायला लागला. कुंपणासाठी बोहुमिलनं ज्याला कोर्टात खेचलं होतं, तोच हावेल!

"हावेल? तू... बोहुमिलसाठी?" लिबुशेनं विचारलं.

"छे गं! डोळ्यांना हे आपलं..." नळ सुटावा तसे अश्रू सुटले होते.

"लपवू नकोस रे!" लिबुशेनं त्याला मिठीच मारली. तेवढ्यात पाद्रीबाबांचे डोळे वाहू लागले. मग पोस्टातली बाई. मग हेडविका. मग सगळं टेबल! लिबुशे एकेकाचे हात हातात घेत फिरू लागली. "मला माहीतच नव्हतं हो! तुमचा एवढा जीव होता त्याच्यावर!"

मास्तरांचेही डोळे भरून आले. ते उभे राहिले. "मित्रहो, आपल्याला बोहुमिल कळलाच नाही!" एवढं बोलतात तोच तोंडातून लाळ गळून टायवर पडली. पुसली, तर आणखी गळली. शर्ट घामानं पाठीला चिकटला. त्यांनी हावेलकडे पाहिलं. अश्रू, लाळ, घाम! पांढुरक्या बयेची ही लक्षणं त्यांनी आजवर सगळ्या गावाला ऐकवली होती.

लिबुशेचा चेहरा उजळला होता. क्षणभर, फक्त क्षणभर, मास्तरांना वाटलं, गप्प बसावं. तेवढ्यात रोझाली मावशी खुर्चीवरून कलंडली. ओठ निळे आणि नाडी लागता लागेना.

"कुणी रडत नाहीये!" मास्तर किंचाळले. "सूप आहे हे! माझं सूप! अँब्युलन्स बोलवा!"

अँब्युलन्स येईपर्यंत काळ्या कपड्यांतली माणसं अंगणात ओळीनं ओकत होती. "शिकव," दोन उमाशांच्या मधे हेडविका म्हणाली. "शिकव आता!"

अश्रू, लाळ, घाम, सगळं सुकवणारं इंजेक्शन दवाखान्यात प्रत्येकाला टोचलं. बाकीचे सावरले. मावशीचं हृदय मात्र चालतंय की थांबतंय, हे कुणी सांगेना. संध्याकाळी डॉक्टरांनी धोका टळल्याचं सांगितलं, तेव्हा लिबुशे भावाच्या खाटेशी येऊन बसली.

"मावशी वाचली."

"हो. कळलं."

"म्हणजे हावेलसुद्धा नाही?"

"नाही."

"आणि पाद्रीबाबा?"

"त्यांनी दोनदा घेतलं होतं गं."

तिनं त्यांच्या खाटेवरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "पहाटे माझ्या आधी उठून शेगडी पेटवायचा तो. माझ्या नावानं ओरडत ओरडत. पण पेटवायचा. तो गेल्यापासून रोज उठते, तर घर गार पडलेलं." आणि ती रडू लागली. सुपाचा थेंबही न घेतलेली ती एकटीच. खांदे गदागदा हलत होते.

मेहुण्यासाठी मास्तरांना पहिल्यांदाच रडावंसं वाटलं. पण डोळे कोरडे ठणठणीत! जीभसुद्धा टाळूला चिकटलेली.

लिबुशेनं मान वर केली. "तुला अजूनही काही वाटत नाही ना रे?"

"वाटतंय गं! आतून येतंय! पण त्या इंजेक्शननं सगळं सुकतं! विचार हवं तर डॉक्टरांना!"

लिबुशे उठली आणि डॉक्टरांच्या खोलीवरून सरळ पुढे निघून गेली. आजच्या दिवसानंतर ओताकर मास्तरांच्या शब्दावर विश्वास ठेवणारं गावात कुणी उरलं नव्हतं.