सासूबाईंच्या मुठीतलं झाकण

मुठा गावच्या कुशाबानं लष्कराच्या लिलावातली जुनी पिकअप आणली, तेव्हा अख्ख्या गावानं तिला भंगार ठरवलं. कुशाबा पारावर उभा राहून म्हणाला, "ह्याच गाडीनं नांदे गावाला लग्नाला जाणार. कुटं थांबणार न्हाई. ज्याला बघायचं त्यानं बघावं."

लग्न त्याच्या मेव्हण्याच्या मुलीचं, जयाचं. गोरज मुहूर्त. सासूबाई, धोंडाबाई, लेकीकडे आल्या होत्या. त्यांना नातीच्या अक्षतांना वेळेवर पोचवायचं कुशाबानं अंगावर घेतलं. टाकीचं झाकण हरवलेलं, म्हणून लोहाराकडून नवं करून घेतलं. इतकं घट्ट की पेट्रोलचा वासही बाहेर येईना.

पुढं धोंडाबाई, मागं बायको गोजराबाई आणि चुलतभाऊ भिवाजी, अशी स्वारी निघाली. खिंडीच्या चढाला इंजिन खाकरलं, दमेकऱ्यासारखं धापा टाकू लागलं आणि मुकाट झालं.

"गाडीला कायबी झालं न्हाई," कुशाबा म्हणाला. सगळे उतरले. त्यानं प्लग काढून धोतरानं पुसले, नळीत फुंकलं आणि पेट्रोल बघायला झाकण काढलं. फुस्स झालं. पेट्रोल भरपूर. झाकण दाबून बसवलं, हँडल मारलं, गाडी सुरू.

थोडं पुढं जाऊन पुन्हा तेच. पुन्हा सगळे उतरले, पुन्हा फुस्स, पुन्हा सुरू. तिसऱ्यांदा गाडी थांबली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. कुशाबा झाकण हातात घेऊन टाकीत डोकावत होता. भिवाजी जवळ येऊन कुजबुजला, "दादा, राग मानू नगंस. मामी उतरल्या की चालू हुती. बसल्या की बंद."

कुजबुज भिवाजीची होती, म्हणजे पलीकडच्या डोंगरावर शेळ्यांनीही ऐकली असेल. धोंडाबाईंचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. असलं बोलणं कुठं जातं ते त्यांना पाठ होतं.

कुशाबालाही ते कळत होतं. पण दोष सासूचा निघाला तर गाडी निर्दोष सुटत होती. तो मान खाली घालून म्हणाला, "मामी, चढापुरतं चालता का जरा?"

धोंडाबाई आल्या, त्यांनी त्याच्या हातातलं झाकण हिसकून घेतलं आणि पुढच्या जागेवर जाऊन बसल्या. झाकण मुठीत.

"मी माज्या नातीच्या लग्नाला चाललीया, पाव्हणं. उतरणार न्हाई. गाडी न्यायची तर मला घिऊन न्या, न्हाईतर हितंच अक्षता टाकती."

"अवं, पर झाकण?"

"ते माज्यापाशी ऱ्हाईल."

"आई बरोबर बोलतीया," गोजराबाई मागून म्हणाली. "भावजी, तुमी चाला चढापुरतं."

कुशाबानं टाकीच्या तोंडात उपरण्याचा बोळा सैलसा कोंबला आणि हँडल मारलं. गाडी खिंड चढली. उतारावर धावली. नांद्याच्या मांडवापर्यंत एकदाही खाकरली नाही. भिवाजीनं धापा टाकत खिंडीच्या माथ्यावर तिला गाठलं आणि मागं चढला. धोंडाबाईंनी मांडवात पहिल्या रांगेत उभं राहून अक्षता टाकल्या.

जेवणं झाल्यावर कुशाबाच्या डोक्यात ते फुस्स पुन्हा वाजलं. आत हवा जायला वाटच नव्हती. पेट्रोल खाली उतरणार कसं? त्यानं झाकण मागून घेतलं, खिळा आणि दगड घेऊन त्याला भोक पाडलं आणि आनंदानं सासूबाईंकडे गेला.

"मामी, दोष झाकणाचा हुता. तुमचा नव्हता."

"मला पयल्यापास्नं ठाव हाय, माजा नव्हता," त्या म्हणाल्या. "तुमाला झाकणानं सांगावं लागलं."

दुसऱ्या दिवशी धोंडाबाई परत मुठ्याला बैलगाडीनं निघाल्या. आईबरोबर गोजराबाई. भिवाजीला बायकांनी सामान उचलायला सोबत घेतलं. कुशाबा एकटाच पिकअप घेऊन मुठ्याला आला. गाडी वाटेत एकदाही बंद पडली नाही, आणि हे कुणाला शपथेवर सांगायला गाडीत दुसरं माणूस नव्हतं.