धर्मराजचं प्रोलॅक्टिन

एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कंपनीत सगळ्यांची रक्ततपासणी झाली आणि धर्मराजच्या रिपोर्टात एका आकड्यापुढे लाल बाण आला. साखर बरोबर, चरबी बरोबर. प्रोलॅक्टिन नावाचं काहीतरी मात्र चांगलं पाचपट. शेजारच्या टेबलावरच्या भारतने मोबाइलमध्ये शोधून मोठ्याने वाचलं, "हे तर बाळंतिणीला दूध येण्याचं हार्मोन हाय." सगळे हसले. मग आणखी थोडं खालचं वाचून तो हळूच म्हणाला, "डोक्यात गाठ असली तरी वाढतं म्हणं."

यावर कुणी हसलं नाही.

धर्मराजने घरी काही सांगितलं नाही. बायकोचे, म्हणजे दैवशालाचे, वडील जाऊन जेमतेम वर्ष होत होतं, आणि दवाखान्याचं नाव काढलं तरी तिचा घास अडायचा. आपलं दुखणं आपल्यापाशीच ठेवायचं, असं त्याने ठरवलं. रोज आंघोळीनंतर तो उघड्या अंगाने आरशापुढे उभा राही आणि छाती चाचपून पाही. काही नसे. तरी तो उसासा टाकून शर्ट घाली.

आपण गेलोच, तर निदान बायकोशी चांगलं वागून जावं, असं त्याच्या मनात आलं. खारट वरण तो मुकाट्याने जेवला. ती माहेरी जाण्याचं बोलली, तर म्हणाला, "जा की. पाहिजे तेवढं राहा." एवढा चांगला नवरा दैवशालाने लग्न झाल्यापासून पाहिला नव्हता. ती घाबरली.

त्यातच एका सकाळी न्हाणीघरातून त्याचं दबक्या आवाजातलं बोलणं तिने ऐकलं. "व्हय, बाळंतिणीचं असतं तेच... शनिवारी येतो मी. घरी काही माहीत न्हाई, तवा घरच्या नंबरवर फोन नका करू."

 दैवशालाने लगेच मंठ्याला माहेरी, आईला फोन लावला.

आई, गोजरबाई, शुक्रवारीच येऊन हजर झाल्या. जावयाने वाकून नमस्कार केला, तेव्हा आशीर्वाद द्यावा की नाही, या विचारात त्यांचा हात मधेच थांबला. शनिवारी धर्मराज "कंपनीत अर्जंट काम निघालं" असं सांगून निघाला, आणि मायलेकी रिक्षाने त्याच्या मागे.

हार्मोनचे डॉक्टर दर शनिवारी संभाजीनगरहून यायचे आणि एका बाळंतपणाच्या दवाखान्यात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसायचे. रिक्षातून उतरल्यावर गोजरबाईंनी दवाखान्याची पाटी वाचली, लेकीचा हात घट्ट धरला आणि जिना चढल्या.

वर बाकड्यावर दिवस भरत आलेल्या दोन बायका आणि त्यांच्या मधे अंग चोरून बसलेला धर्मराज.

"जावईबापू," गोजरबाई म्हणाल्या, "या दोघींतली कोणती?"

एक बाई झटकन दूर सरकली. धर्मराज उभा राहिला. "कोणती म्हंजे?"

"बाळंतीण कोण हाय, ते इचारून राह्यले मी."

"मीच हाय," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळल्यावर खिशातून रिपोर्ट काढून त्याने दैवशालाच्या हातात दिला. तेवढ्यात आतून त्याच्या नावाचा पुकारा झाला. तिघंही आत गेली.

डॉक्टरांनी डोकेदुखी विचारली, नजर तपासली, कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं. काहीच नव्हतं. "घाबरून डोक्याचा फोटो काढायच्या आधी एक साधी तपासणी करू," ते म्हणाले. "काही जणांच्या रक्तात या हार्मोनचे कण दुसऱ्या प्रथिनांना चिकटून मोठे गोळे होतात. लवकर बाहेर पडत नाहीत, म्हणून साठतात. मशीन ते सगळे मोजतं आणि आकडा फुगतो. पण अंगावर त्यांचा परिणाम जवळजवळ नसतो. ते गोळे काढून उरलेलं मोजू."

जिन्यावर दैवशाला थांबली. "मला का न्हाई सांगितलं?"

"तू घाबरली असतीस."

"मंग आता काय कमी घाबरले का? मला वाटलं सवत आली."

"सवत परवडली असती?"

तिने खरंच विचार केला. "गाठीपरीस परवडली असती," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.  धर्मराजने तिच्या हातातली पिशवी घेतली.

पुढच्या शनिवारी निकाल आला. गोळे काढल्यावर उरलेलं प्रोलॅक्टिन अगदी बरोबर होतं. औषध नाही, फोटो नाही. "याला मॅक्रोप्रोलॅक्टिन म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "आजार नाही. पुढे कुणी रक्त तपासलं, तर आधीच सांगत जा, म्हणजे पुन्हा कुणी घाबरवणार नाही." गोजरबाईंनी त्यांच्यापुढे हात जोडले आणि दुपारच्या गाडीने मंठ्याला परत गेल्या. वाटेत किती जणांना काय सांगितलं, ते त्यांनाच ठाऊक.

दोन दिवसांनी धर्मराजचा फोन वाजला. दैवशालाचे मामा, पुंजाराम, बोलत होते.

"जावईबापू, आमची म्हैस आटली हो. गोजरबाई म्हनली, तुमाला त्या दुधाच्या हार्मोनवर डॉक्टरकडं बराबर गुण आला. काय देल्तं त्यानं?"

धर्मराजने डोळे मिटले. पण मामा भले माणूस. त्यांना तोडून कसं बोलावं? त्याने शांतपणे सगळं समजावून सांगितलं. "तसं न्हाई मामा. माझं नुसतं मोजायला लई दिसत व्हतं. गोळा मोठा, काम काहीच न्हाई."



"मंग तेच झालंय," पुंजाराम म्हणाले. "आमची म्हैस बी तशीच हाय."