मेश्रामताईंचे तीन सेकंद

आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीत लिफ्टमध्ये शिरल्यावर आधी भिंतीवरची सूचना वाचून मगच बटण दाबणारी एकच व्यक्ती आहे, मेश्रामताई. गेली कित्येक वर्षं, रोज. मी एकदा म्हणालो, "ताई, आता पाठ झाली असेल ना?"

"बदलली तर? आपल्याला कोण कळवणार आहे?"

ताई मूळच्या भंडाऱ्याच्या. केंद्राच्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाल्या. यजमान लवकर गेले, मुलगा ऑस्ट्रेलियात स्थायिक. कशावरही त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "नियम काय म्हणतो?" आम्ही इथे राहायला आलो तेव्हा मेट्रो नव्हती, चहूकडे मोकळी माळरानं आणि पाणी टँकरचं. एकदा दोन दिवस टँकर आला नाही. आम्ही पुरुषमंडळी गेटवर ओरडत उभे. ताईंनी करारपत्र मागवलं, शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, "भैया, आपका सातवाँ पॉइंट क्या बोलता है?" सातवा पॉइंट आहे हेच टँकरवाल्याला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी पाणी आलं.

तर सोसायटीतले आम्ही बाराजण सिंगापूरहून क्रूझवर गेलो. बोटीच्या मागच्या टोकाला सर्फिंगचं एक यंत्र होतं. निळा, मऊसर उतार आणि त्यावर खालून वर जोरात सोडलेलं पाणी. त्या पाण्यात फळीवर उभं राहायचं. पोरंसोरं धडाधड पडत होती, आम्ही आइस्क्रीम खात बघत होतो. तेवढ्यात ताई आल्या. अंगात पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंत झगा असलेला पोहण्याचा पोशाख! आणि तो करोल बागेतून आधीच घेऊन ठेवलेला.

सही करायच्या फॉर्मची चार पानं त्यांनी उभ्यानेच वाचून काढली. मागे रांग चुळबुळत होती. शिकवणारा दाढीवाला गोरा तरुण हळूच म्हणाला, "मॅडम, तुमचं वय..."

"अडुसष्ट. तुमच्या फॉर्ममध्ये वयाची खालची मर्यादा आहे, वरची नाही," ताई सरकारी इंग्रजीत म्हणाल्या. "असल्यास लेखी दाखवा."

त्याने फळी दिली.

पहिल्यांदा त्या उभ्या राहायच्या आतच पडल्या. पाण्याने त्यांना उचलून वरच्या टोकाला नेऊन टाकलं. उठल्या, चष्म्याची दोरी नीट केली आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. मधे कुणी "आंटी, आप पहले जाइए" म्हणालं, तर "रांग म्हणजे रांग."

त्या दिवशी सहा वेळा पडल्या. दुसऱ्या दिवशी नऊ. कोपर सोललं, जेवताना चमचा धरवेना. माझी बायको म्हणाली, "ताई, पुरे झालं आता. या वयात हाड मोडलं तर?"

"उद्या पाचपर्यंत चालू आहे," ताई म्हणाल्या. "मी बोर्डावर वाचलंय."

शेवटच्या दिवशी त्यांनी आपला मोबाइल माझ्या हातात दिला. "व्हिडिओ काढा. लाल ठिपका दाबायचा." आणि साडेचारच्या सुमारास ताई खरंच उभ्या राहिल्या! गुडघे वाकलेले, हात पसरलेले, चेहरा ऑफिसात फाइल वाचतानाचा. एक, दोन, तीन, चार सेकंद! सगळा डेक टाळ्या वाजवत होता. मीही वाजवत होतो. दोन्ही हातांनी.

ताई निथळत आल्या. "आला ना?"

मी मोबाइल पाहिला. लाल ठिपका दाबायचा राहूनच गेला होता.

इतक्या वर्षांत ताईंचा चेहरा असा पडलेला मी पाहिला नव्हता. वाटलं, आता रागावतील. त्या फक्त घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "वीस मिनिटं आहेत," आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

पुन्हा दोनदा पडल्या. पाचला तीन मिनिटं असताना, तिसऱ्या खेपेला, उभ्या राहिल्या. तीन सेकंद. या वेळी मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

नंतर वायफाय मिळतं त्या कोपऱ्यात आम्ही व्हिडिओ जायची वाट बघत बसलो. मी धीर करून विचारलं, "ताई, एवढा अट्टाहास कशासाठी?"

त्या कोपरावर मलम लावत होत्या. "आमची नात, रिया. मराठी येत नाही तिला. दर रविवारी फोन येतो. हाय आजी, कशी आहेस, जेवलीस का. मग दोघी गप्प. मग ती फोन बापाकडे देते. मला कुकर, सोसायटी, पेन्शन, एवढंच येतं. ती तिकडे रोज समुद्रावर, लाटांवर उभी असते. मी काय बोलू जी तिच्याशी?" मलमाचं झाकण त्यांनी फिरवून फिरवून घट्ट लावलं. "म्हटलं, काहीतरी विषय पाहिजे."

व्हिडिओ गेला. पाच मिनिटांत मोबाइल वाजला. तो दिवस रविवार नव्हता.

"आजी!" पडद्यावरची मुलगी जवळजवळ किंचाळत होती. तिने इंग्रजीत विचारलं, "कोणता पाय पुढे होता तुझा?"

"उजवा," ताई म्हणाल्या.

"माझाही! बाबांचा डावा असतो!"

मी उठून बाजूला झालो. खुर्ची पुढे ओढून, मोबाइल दोन्ही हातांत धरून ताई आपल्या सरकारी इंग्रजीत विचारत होत्या, "बरं, मला सांग, तू पडतेस तेव्हा डोकं कसं सांभाळतेस?"